सुतक कुणाचं लागतं

आमच्याकडे येणारा माणूस खुर्चीत बसतो आणि पहिलं आडनाव सांगतो. तिथंच सगळं चुकतं.

मी रत्नागिरीतल्या एका वाचनालयात शिपाई म्हणून लागलो आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. शिक्षण सातवी. पुस्तकं झाडायची, वर्तमानपत्रं टेबलावर मांडायची, पावसाळ्यात कपाटांत कडुनिंबाचा पाला ठेवायचा, ही माझी कामं. शेवटच्या काही वर्षांत वाचनालयाने जुने कागद संगणकात चढवायला घेतले. इथल्या जुन्या साप्ताहिकांचे अंक, घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, बंद पडलेल्या शाळांच्या दाखल्यांच्या नकला, लोकांनी आणून दिलेल्या वंशावळी. आमच्या ग्रंथपाल मॅडम त्याला डेटाबेस म्हणतात. मी पेटी म्हणतो. नाव टाकायचं, बटण दाबायचं, ते नाव जिथं असेल ती पानं समोर येतात. सांगायला एवढंच आहे.

एकेक पान काचेवर पालथं घालून चढवायला मीच बसायचो, म्हणून लोक मला विचारायला लागले. निवृत्त झालो तरी मॅडमनी येऊ नका म्हणून सांगितलं नाही. बायको गेल्यापासून तर रोजच जातो. घरी बसून भिंती किती बघायच्या.

तर आडनावाचं सांगत होतो. आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याच्या पणजोबाला जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. 'रामा बिन गोविंदा' असं असतं, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. खाली गावाचं नाव, संपलं. मग हा रामा मुंबईला गिरणीत गेला. तिथल्या बाबूने आडनाव विचारलं, याने गावाचं सांगितलं. त्याचा भाऊ दुसऱ्या गिरणीत लागला, त्याने वाडीचं सांगितलं. एका आईचे दोघे, आडनावं दोन. आज त्यांची पतवंडं माझ्यासमोर येतात आणि म्हणतात, काका, आमचं आडनाव टाका आणि सगळं काढा. काय काढू, कपाळ?

बाईचं तर विचारू नका. 'राधा कोम रामा', म्हणजे रामाची बायको राधा. आणि राधा हे तरी तिचं नाव कुठं होतं? लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं पुसलं. आजी शोधायला आलेली माणसं बहुतेक हात हलवत परत जातात.

त्यात पेटीचे डोळे कच्चे. जुनी छपाई तिला नीट वाचता येत नाही. ध आणि घ एकच समजते, भ चा म करते. आपण शुद्ध लिहिलं की सापडत नाही. ही खोड मॅडमनी मला दाखवली. म्हणाल्या, काका, तिने कसं चुकीचं वाचलं असेल त्याचा विचार करा आणि तसंच टाका. अशुद्ध लिहिण्यात मला कुणाकडून शिकायची गरज नव्हती.

मे महिन्यात चाकरमानी येतात. एकदा ठाण्याहून एक साहेब आले. आमचे पणजोबा आरमारात मोठे अधिकारी होते, त्याचा पुरावा पाहिजे म्हणाले. गाव नीट सांगितलं त्यांनी, त्यामुळे पणजोबा सापडले. साप्ताहिकात गावोगावच्या बातम्या असायच्या, त्यात होते. त्यांची म्हैस शाळेच्या बागेत शिरली, मास्तरांनी कोंडवाड्यात घातली, आणि पणजोबांनी मास्तरांना रस्त्यात गाठून नाही नाही ते ऐकवलं. साहेब माझ्यावरच तापले. मी म्हटलं, साहेब, म्हैस मी सोडली नव्हती. तणतणत गेले. थोड्या वेळाने परत आले आणि त्या पानाची छापील प्रत मागितली. मोठी काढा म्हणाले, फ्रेम करायची आहे.

सगळी कामं अशी हसण्यासारखी नसतात. खेडकडची दोन घरं आली होती. मुलगा-मुलगी आणि दोघांचे मोठे. लग्न ठरत होतं, पण एका म्हातारीने शंका काढली होती की ही दोन्ही घरं एकाच भावकीतली आहेत. आमच्याकडे भावकी म्हणजे ज्यांचं सुतक एकमेकांना लागतं ती घरं. एका घरी कुणी गेलं की दुसऱ्याने सुतक पाळायचं, देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही. ती सगळी बहीणभावंडंच धरतात. त्यांच्यात लग्न होत नाही. मी शोधलं. वंशावळीत दोन्ही घरं एकाच बुंध्याला निघाली. पान छापून दिलं, काम झालं. मोठी माणसं उठली. ती मुलगी तेवढी बसून राहिली आणि मला म्हणाली, "काका, हे चुकीचं असू शकतं का?"

मी म्हटलं, कागद आहे बाई. दुसरं काय सांगणार होतो? पण तिचा तो आवाज माझ्या कानात राहिला. आणि ह्या उन्हाळ्यात माझ्याच घरात तो आवाज येणार की काय, ह्या भीतीने मला जेवण जाईना.

झालं असं. माझी नात सायली लोट्याला एका कंपनीत प्रयोगशाळेत आहे. तिथलाच निखिल वाडकर, कंपनीच्या बसमध्ये ओळख झाली. मुलगा चांगला, कमी बोलणारा. गाव लांज्याच्या अलीकडचं. बाप नाही, घरात आत्याचा शब्द चालतो. त्या आत्याबाई रत्नागिरीजवळ भाट्याला आमच्या घरी आल्या, पोहे झाले, चहा झाला, सगळं गोड चाललं होतं. मग त्यांनी कुलदैवत विचारलं. माझ्या मुलाने, संतोषने, सांगितलं. आत्याबाईंनी कप खाली ठेवला.

"आमची पण तीच देवी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, तुमाला आमच्या बाजूचं कुणाचं सुतक लागतं काय ओ?"

देवी एक म्हणून काही बिघडत नाही. एका देवीची शंभर घरं असतात. पण सुतक म्हटल्यावर मला सरळ नाही म्हणता येईना. कारण माझी बायको इंदू कितीदा म्हणायची, लांज्याकडं आपलं एक घर हाय. कुठलं घर, काय आडनाव, मी कधी विचारलं नाही. माझा बापूस मी लहान असताना गेला, मी मामाकडे वाढलो, भावकी मला कुणी दाखवलीच नाही. माझ्या आईने जाताना ती सगळी सुनेच्या हवाली केली, जशी घरातली भांडी करतात. कुणाकडे बारसं, कुणाकडे बारावं, कुणाला निरोप द्यायचा, सगळं इंदूच्या डोक्यात. ती सांगत बसायची आणि मी 'हं' म्हणायचो. आता ती नाही आणि तिच्या डोक्यातलं चढवायला पेटी नव्हती.

मी आत्याबाईंना म्हटलं, "बघून सांगतो."

"बघा," त्या म्हणाल्या. "साखरपुड्याच्या आधी सांगा. सुतक निघालं तर मग पुढं नको. मला उद्या देवीसमोर तोंड दाखवायचं हाय."

त्या गेल्यावर संतोष माझ्यावर चिडला.

"बाबा, नाही म्हणून मोकळं व्हायचं होतं ना. कोण विचारतंय आता सुतकबितक?"

"आणि असलं तर?"

"असलं तर असलं. तुम्हाला सगळीकडे वाचनालयच दिसतं."

सायली कप उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी लोट्याला परत गेली आणि रोज संध्याकाळी फोन करायला लागली. बाकी काही नाही, एकच विचारायची. "आबा, मिळालं?"

मी पेटीसमोर बसलो. लोकांसाठी बसतो तेव्हा हात सरळ चालतो. स्वतःचं म्हटल्यावर अक्षरं सापडेनात. 'वाडकर' टाकलं. कोकणात जितक्या वाड्या तितके वाडकर, सगळे येऊन बसले. लांज्याकडचे वेगळे काढले, तरी त्यांच्या आधीचं आडनाव कळेना. वाडकर हे घेतलेलं आडनाव, हे मला दिसत होतं. मूळचे कोण? आमचेच बारगुडे तर नव्हेत? दोघे भाऊ, दोन गिरण्या, हे मीच लोकांना किती वेळा समजावून सांगितलेलं. 'बारगुडे' आणि लांजा एकत्र टाकलं. काही नाही. मी मॅडमना म्हटलं, काही नाही आलं, म्हणजे सुटलो. त्या म्हणाल्या, "काका, पेटीत नाही म्हणजे नव्हतंच असं तुम्हीच म्हणू देत नाही ना लोकांना." खरंच होतं. बाई रागावून बोलल्या नाहीत म्हणून जास्त लागलं.

कुलवृत्तांत आमचा नाही. ज्यांचे आहेत त्यांची जाडजूड पुस्तकं मी किती वर्षं पुसली. आमच्यासारख्यांची भावकी बायकांच्या तोंडात असते, आणि तोंड मिटलं की गेली.

सूनबाईने एके दिवशी तांबोशीचं कालवण केलं. मी पान तसंच ठेवून उठायला लागलो, तेव्हा संतोष म्हणाला, "आईपण अशीच. एकदा मनात घेतलं की संपलं. मी चौथीत होतो तेव्हा गणपती आणू दिलान नव्हता. आठवतं?"

मी परत बसलो.

मला आठवलं. गणपतीच्या शाळेत आमची मूर्ती रंगवून तयार होती. आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्याला शाळा म्हणतात, घरचा पाट आधीच तिथं नेऊन देतात. चतुर्थी तोंडावर आली आणि लांज्याहून निरोप आला, घरातलं म्हातारं माणूस गेलं. शेजारी म्हणाले, भाच्याकडून पूजा करून घ्या. इंदू ऐकेना. सुतक ते सुतक, म्हणाली. सगळ्या वाडीतले गणपती गेले आणि आमचा तेवढा शाळेत पाटावर राहिला. संतोष तिथं जाऊन त्याच्यासमोर बसून रडत होता, त्याला मी खांद्यावर उचलून आणला होता.

म्हणजे साल सापडलं. संतोष चौथीत, महिना भाद्रपद, लांजा तालुका, म्हातारं माणूस. आडनाव नसलं तरी एवढ्यावर माणूस सापडतो. असे मी कितीतरी काढले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. मॅडम आल्या, त्यांना सांगितलं. त्या आपलं काम सोडून शेजारी बसल्या. त्या भाद्रपदातले अंक वेगळे काढले, 'निधन' टाकलं. शून्य.

"निघन टाका," मॅडम म्हणाल्या.

टाकलं. पाच-सहा पानं आली. कोण खेडचे, कोण राजापूरचे. शेवटच्या पानावर गावोगावच्या बातम्यांत तळाशी बारीक अक्षरात होतं. लांज्याच्या अलीकडचं तेच गाव, निखिलचं. येथील वृद्धा जानकीबाई, आणि पुढं आडनावाच्या जागी कागद कसरीने खाल्लेला. भोक. भोकाच्या पलीकडे दोन अक्षरं उरली होती. 'कर'.

मॅडमनी पान मोठं केलं. भोक मोठं झालं.

अर्ध्या कोकणाचं आडनाव 'कर'ने संपतं हे मला कळत होतं. पण मला त्या भोकात वाडकरच दिसत होतं. तेच गाव, तीच देवी, तेच सुतक. मॅडम पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, काका, आता हे पेटीचं काम नाही, तिथं जायला हवं.

घरी कुणाला सांगितलं नाही. सरळ स्टँडवर गेलो आणि लांज्याच्या गाडीत बसलो. गाडीत सायलीचा फोन वाजला, घेतला नाही. त्या खेडकडच्या मुलीचा आवाज आता सायलीच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती माझी. इंदू असती तर ह्या गाडीत बसायची वेळच आली नसती, आणि असती तर तिने माझ्या घाबरण्याची चेष्टा केली असती. दोन्ही गोष्टींनी डोळे भरून येत होते. शेजारचा माणूस म्हणाला, आजोबा, ऊन लागतंय काय, जागा बदला. बदलली.

गावात उतरून दुकानात विचारलं, जानकीबाई म्हणून फार वर्षांमागे गेल्या, गणपतीच्या तोंडावर, त्यांच्या घरचं कोण आहे. दुकानदाराने आत बघून बापाला विचारलं, बापाने हाताने वर दाखवलं. चढण चढून गेलो. दोन घरं लागून होती. एकाच्या दारावर पाटी होती, वाडकर. मी तिथंच कुंपणाला धरून उभा राहिलो.

दुसऱ्या घराच्या खळ्यात एक म्हातारा काजूच्या बिया उन्हात पसरत होता. माझ्याच वयाचा. मान वर करून त्याने मला पाहिलं आणि काम थांबवलं.

"बारगुडे ना तुम्ही? इंदूवहिनीचे?"

मी कोण ते माझ्या आधी माझ्या बायकोच्या नावाने ओळखलं त्याने. मी विचारलं, "जानकीबाई तुमच्या कोण?"

"आवस माझी."

"तुम्ही वाडकर काय?"

"मी तुकाराम मांडवकर. वाडकर ते पलीकडं, गावात त्यांचं तेवढंच घर. बसा आधी, पाणी घ्या. तोंड बघा कसं झालंय."

मी बसलो नाही. उभ्यानेच विचारलं, "तुमचं आमचं सुतक लागतं?"

"लागतं म्हणजे? वहिनी गेली तेव्हा पाळलं ना आमी."

"आणि तुमचं, ह्या वाडकरांचं?"

"त्यांचं आमचं काय नाय. ते त्यांच्या आज्याच्या वेळेला सासुरवाडीची जमीन मिळाली म्हणून हिकडं आले, पाचलच्या बाजूचे ते. देवी एक, पण भावकी वेगळी. वहिनी गेली त्या दिवसांत त्यांच्याकडं बारसं होतं. आमाला बोलावणं होतं, पण सुतक आमाला, आमी कसे जाणार. तिकडं ढोलकी, पेढे, सगळी वाडी गोळा झालेली, नि आमी हिकडं दार लोटून बसलेलो."

"नक्की त्याच दिवसांत?"

"मी खोटं कशाला सांगू बाबा. पेढे पाठवलेनी तेपण परत केले आमी."

मग मी खाली बसलो. ज्या दिवसांत माझ्या घरात चूल पेटली नव्हती, त्या दिवसांत निखिलच्या घरी पाळणा म्हटला होता. आणि ते ऐकून मला आनंद झाला. असा आनंद माणसाला होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, इंदू गेल्याचं तुम्हाला कुणी कळवलं. कारण मी कळवलं नव्हतं, मला घरच माहीत नव्हतं.

तुकारामभाऊ बिया चाळत होते. "वहिनीनंच सांगून ठेवलान होतं. आजारी होती तेव्हा फोन केलान. बोललीन, भावजी, मी गेले की आमच्याकडनं तुमाला निरोप यायचा नाय. ह्यांना काय ठाऊक नाय. पण हे वाचनालयातले, पेपरात नक्की देतील. तुमी पेपर बघत राहा, नि पाळा. म्हणून मी लांज्याला जाऊन रोज पेपर बघत होतो."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"बाराव्याला आलो होतो की," ते म्हणाले. "तुमी मला पाणी दिलंत. पण तुमी तिथं नव्हतात."

परत येताना स्टँडवरूनच सायलीला फोन लावला. तिने एकदम विचारलं नाही. मीच म्हटलं, सुतक लागत नाही, बाय. पलीकडून बसची घरघर येत होती. मग म्हणाली, "आबा, जेवलात का?" आत्याबाईंना संतोषने कळवलं. त्यांनी पाचलची गोष्ट बरोबर आहे म्हणून सांगितलं, ती त्यांना ठाऊकच होती. मांडवकर आमच्या भावकीतले, हे तेवढं ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, मग तारीख काढा. संतोष रात्री पान वाढून झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी पेटीसमोर बसलो आणि इंदूचं नाव टाकलं. हे मी कधी केलं नव्हतं. तिची बातमी मीच दिली होती, अंक आल्यावर मीच चढवली होती, पण परत उघडली नव्हती. आली. सौ. इंदुमती बारगुडे यांचे निधन. त्यांच्या मागे पती, मुलगा, सून, नात असा परिवार आहे. सगळ्यांच्या बातमीत असतं तसंच. उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला एवढंच मिळेल.

पेटीत पानाखाली टीप जोडता येते. मॅडमना म्हटलं, हिच्या खाली दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक तिचं माहेरचं नाव, भागीरथी. त्यांनी लिहिलं. दुसरं, तुकाराम मांडवकर आणि त्यांच्या गावाचं नाव. तेही लिहिलं. मग कळफलकावरचे हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नातं काय लिहू, काका?"

"लिहा," मी म्हटलं, "सुतक लागतं."